कोर्कोवादोच्या जंगलातून समुद्राकडे

अमेरिकेतल्या मराठी घरांची डिसेंबरची सुट्टी बहुधा ठरलेली असते. तिकिटं परवडली तर भारत, नाहीतर फ्लोरिडा, नाहीतर मेक्सिकोतलं कॅनकून. आम्ही गेली अकरा वर्षं ह्यूस्टनला आहोत आणि या तिन्ही ठिकाणी आमचं जाऊन झालंय. या खेपेला मात्र माझे बाबा आमच्याकडे आलेले होते. वय एकाहत्तर, गाव दापोली तालुक्यातलं केळशी, उभी नोकरी एस.टी.त. त्यांना विचारलं तर म्हणाले, ‘‘मला तुमचं ते हॉटेलातलं पोहायचं तळं नको. जंगल असेल तर दाखवा. चालायला मी तयार आहे.’’

म्हणून कोस्टारिका ठरलं. ह्यूस्टनहून सान होसेला चार तासांत विमान पोचतं. ज्यांच्याकडे अमेरिकेचा मल्टिपल एन्ट्री व्हिसा आहे, त्या भारतीयांना वेगळा व्हिसा काढावा लागत नाही, त्यामुळे बाबांचाही प्रश्न सुटला. (नियम बदलत असतात, निघण्याआधी तपासून घ्या.) देश केवढासा, तर महाराष्ट्राचा जेमतेम सहावा हिस्सा. 1948 मध्ये त्यांनी सैन्यच बरखास्त केलं. हे ऐकल्यावर बाबांचा या देशाविषयीचा आदर एकदम वाढला.

आम्हाला जायचं होतं ते दक्षिणेकडच्या ओसा द्वीपकल्पातल्या कोर्कोवादो राष्ट्रीय उद्यानात. प्रशांत महासागराला अगदी खेटून असलेलं हे सदाहरित जंगल. सव्वाचारशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेलं आहे आणि पाऊस आपल्या आंबोलीची आठवण करून देईल असा. 2014 पासून इथं परवानाधारक गाईडशिवाय कुणालाही आत सोडत नाहीत. आधी मला हा पैसे काढायचा प्रकार वाटला होता. पण दिवस संपेपर्यंत तो नियम कशासाठी आहे ते आम्हा सगळ्यांनाच समजलं.

पुएर्तो हिमेनेझ या छोट्या गावातून पहाटे साडेपाचला निघालो. गाईड चाळिशी ओलांडलेला, सडपातळ, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि खांद्यावर तिकाटण्यासकट दुर्बीण. त्यानं हात जोडल्यासारखं करून बाबांना ‘‘बुएनोस दियास, दोन’’ म्हटलं. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘दोन? मी तर एकच आहे.’’ माझी तेरा वर्षांची मुलगी शाळेत स्पॅनिश शिकते. ती हसत सुटली. ‘‘आजोबा, दोन म्हणजे ते रिस्पेक्टनी बोलतात. आपलं ‘राव’ असतं ना, तसं.’’ त्या दिवसापुरते बाबा ‘दोन’ झाले.

कराते नावाच्या टोकापर्यंत चाळीसेक किलोमीटर कच्चा रस्ता आहे. वाटेत ओढे येतात आणि त्यांच्यावर पूल नाहीत. गाडी सरळ पाण्यात घालायची. बाबा ड्रायव्हरच्या शेजारी बसले होते आणि प्रत्येक ओढ्याला त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबत होता. करातेला रस्ता संपतो, पुढं फक्त पाय. तिथून साडेतीन किलोमीटर वाळूतून चाललं की ला लिओना ही वनखात्याची चौकी लागते. तिथून जंगलातली पायवाट सुरू होते आणि माद्रिगाल नदी जिथं समुद्राला मिळते त्या किनाऱ्यावर जाऊन पोचते. आमची मजल तिथपर्यंतच होती.

निघण्यापूर्वी गाईडनं खिशातून एक घडी केलेला कागद काढला. भरती-ओहोटीचं वेळापत्रक! साडेदहाच्या सुमाराला ओहोटी, सव्वाचारच्या सुमाराला पूर्ण भरती. ‘‘बाराला आपण परतीला लागायचं. काहीही बघत असलो तरी,’’ त्यानं बजावलं.

बाबांनी कागदाकडं पाहिलंही नाही. म्हणाले, ‘‘दत्तजयंती होऊन दोन दिवस झाले. म्हणजे आज द्वितीया. उधाणाचं पाणी आहे, वर येणार ते.’’ मग नातीला हिशेब शिकवला. कोकणात तिथीच्या आकड्याला तीननं गुणून चारनं भागतात, की भरतीची वेळ येते. द्वितीया म्हणजे दोन, दोन त्रिक सहा, भागिले चार, दीड. ‘‘केळशीला आज दीडच्या सुमाराला भरती.’’ लेक म्हणाली, ‘‘पण इथं तर सव्वाचार आहे.’’ तिनं गाईडला स्पॅनिशमध्ये सगळं समजावलं. तो थांबून ऐकत होता. म्हणाला, किनारा बदलला की घड्याळातली वेळ बदलते. किनाऱ्याचा आकार, समुद्राची खोली, सगळ्यावर ती अवलंबून. इथं पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती तीनच्या आसपास येते. पण चंद्र मोठा असताना पाणी जास्त चढतं आणि अर्धा असताना कमी, हे सगळीकडे सारखंच. बाबांनी मान डोलावली, ‘‘वेळ वेगळी, पण उधाण तेच. आणि अष्टमीला भांग.’’ उधाणाला इथं पाणी तीन मीटरच्या आसपास वर-खाली होतं. याच देशाच्या पलीकडच्या, कॅरिबियन किनाऱ्यावर मात्र भरती-ओहोटीतला फरक वीतभर-दोन वीतच असतो.

पहिल्या अर्ध्या तासातच डोक्यावरून कर्कश ओरडत लाल-निळ्या-पिवळ्या मकाव पोपटांची जोडी गेली. पुढं एका झाडावर सात-आठ बसलेले. खाली फळांचा नुसता सडा पडलेला. बाबांनी एक फळ उचललं, दगडावर ठेवून फोडलं आणि म्हणाले, ‘‘अगं, हा तर आपला देशी बदाम! आमच्या शाळेच्या आवारात होता.’’ खरंच तोच. हे झाड मूळचं आपल्या बाजूचं, आशियातलं. इथल्या किनाऱ्यावर ते येऊन रुजलं आणि आता मकावांचं आवडतं खाद्य झालं. पुढं जंगलात गाईडनं एक प्रचंड झाड दाखवलं, एस्पावेल. खाली पडलेली त्याची फळं बघितल्यावर बाबांनी ओळखलं, काजूच्या भाऊबंदातलं. तेही बरोबर होतं, जंगली काजूच म्हणतात त्याला. आपला काजू मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांनी गोव्यात आणला आणि तिथून कोकणात पसरला. म्हणजे आमचा बदाम यांच्याकडे आणि यांचा काजू आमच्याकडे. देवाणघेवाण पूर्ण.

ला लिओनाच्या चौकीत नावं नोंदवली. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्या आत नेता येत नाहीत, म्हणून आम्ही स्टीलच्या बाटल्या आणल्या होत्या. त्यातल्या एका बाटलीत बाबांचं खास कोकम सरबत होतं, मीठ जरा पुढंच असलेलं. उकाड्यात घामाच्या धारा लागल्या होत्या आणि त्या सरबतानं खरोखर जीव आला. गाईडनं घोटभर चाखलं, डोळे मिटले आणि आणखी मागितलं. दुर्बिणीच्या कव्हरवर त्यानं ‘कोकम’ हा शब्द लिहून घेतला.

आत शिरलो आणि उजेडच कमी झाला. समुद्राची गाज डाव्या हाताला ऐकू येतेय, पण दिसत नाही. पायवाटेवरून हिरवी रांग चाललेली. पान कापणाऱ्या मुंग्या! प्रत्येकीच्या डोक्यावर पानाचा तुकडा. या मुंग्या पानं खात नाहीत. वारुळात नेऊन त्यांच्यावर बुरशी वाढवतात आणि ती बुरशी खातात. म्हणजे शेतीच. बाबा म्हणाले, ‘‘बघ, यांच्यात कोण शेती सोडून मुंबईला गेलेलं दिसत नाही.’’ मी काही बोलले नाही. मुंबईच काय, मी त्याच्याही पुढं गेलेली.

कोस्टारिकेत माकडांच्या चार जाती आहेत आणि चारही या जंगलात सापडतात. आम्हाला तीन दिसल्या. हाऊलर माकड दिसायच्या आधी ऐकू येतं. असा आवाज, की वाघच असावा. प्रत्यक्षात हा प्राणी फांदीवर पसरून निवांत पानं चावत बसलेला. लांब हातापायांची स्पायडर माकडं शेपटीनं लटकत डोक्यावरून गेली, आणि पांढऱ्या तोंडाच्या कॅपुचिनांनी आमच्या सॅककडे लक्ष ठेवलं. मुलीला मात्र टापिर बघायचा होता. हत्ती आणि डुक्कर यांच्या मधला वाटावा असा हा प्राणी, मध्य अमेरिकेतला सगळ्यात मोठा जमिनीवरचा प्राणी. मिळाले ते फक्त चिखलातले ठसे. पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला तीन.

ती ठसे बघत बघत पुढं सरकत होती आणि गाईडचा हात एकदम आडवा आला. तो ओरडला नाही, काही बोललाही नाही, नुसता हात. वाटेच्या कडेला, वाळक्या पानांत वेटोळं करून साप बसलेला होता. आम्हाला दाखवूनही पाच-दहा सेकंद दिसला नाही, इतका पानांसारखा. तेरसिओपेलो, म्हणजे मखमल. नाव मखमली, पण या देशात गंभीर सर्पदंश बहुतेक याचेच. गाईडनं आम्हाला लांबून वळसा घालून नेलं. मग सांगितलं, की सान होसेजवळच्या क्लोदोमिरो पिकादो संस्थेत यावरची लस तयार होते, घोड्यांच्या रक्तातून. बाबांना परळची हाफकिन आठवली. आमच्याकडे फुरसं चावलेल्याला घेऊन रात्रीची एस.टी. थेट दवाखान्याच्या दारात लावल्याची गोष्ट त्यांनी सांगितली. मुलगी तिचं भाषांतर करत होती. तिचा आवाज जरा कापरा होता, पण शब्द अडत नव्हते.

हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. घरी आजोबा मराठीत विचारतात आणि ती इंग्रजीत उत्तर देते. दोघंही आपापल्या जागी खूश, संवाद मात्र अर्धाच. इथं गाईडला इंग्रजी येत होतं, पण कामापुरतं. मनातलं सांगायचं झालं की तो स्पॅनिशवर यायचा. बाबांचं इंग्रजीही तसंच. त्यामुळे या दोन माणसांच्या मधली वाट फक्त तिच्याकडे होती.

माद्रिगालच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. राखाडी वाळू, मैलभर कुणी नाही, मागं जंगलाची भिंत. ओल्या वाळूच्या वर, कोरड्यात, ट्रॅक्टर गेल्यासारखी एक रुंद खूण होती. बाबा क्षणात म्हणाले, ‘‘कासवीण येऊन गेलीय.’’ गाईडनं बोटं वर करून दाद दिली. ऑलिव्ह रिडले. केळशीच्या उत्तरेला, मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर जी कासवं अंडी घालायला येतात, तीच ही जात.

सावलीत बसलो. बाबांनी नातीकरवी विचारलं, ‘‘याचे वडील काय करायचे?’’

उत्तर लांबलं. ती ऐकत राहिली आणि मग हळू हळू जुळवत सांगू लागली. ‘‘आजोबा, याचे बाबा सोनं खोदायचे. इथंच. या जंगलात. नदीत.’’

ओसाच्या नद्यांत सोन्याचे कण सापडतात. 1975 मध्ये राष्ट्राध्यक्ष दानिएल ओदुबेर यांच्या काळात हे राष्ट्रीय उद्यान झालं. पण 1980 च्या दशकात हाताला काम नसलेली माणसं सोन्यासाठी आत शिरू लागली. जवळच्या गोल्फितो बंदरातून केळ्यांची मोठी अमेरिकन कंपनी निघून गेली, तेव्हा तर लोंढाच लागला. नद्या गढूळ झाल्या, काठ खणले गेले, शिकार वाढली. 1986 मध्ये सरकारनं सगळ्यांना बाहेर काढलं. भरपाईसाठी त्यातली बरीच माणसं राजधानीत जाऊन बागांमध्ये बसली. गाईड तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याला त्या बागेतला थंडीचा वारा आठवतो. ओसात कधी थंडी नसते.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘विचार त्याला, बापाला काढलं त्याच जंगलाची राखण हा करतो. बापाला पटलं का?’’

मुलगी घुटमळली. मला वाटलं, विचारू नये. पण तिनं विचारलं. गाईड जरा हसला. म्हणाला, वडील आठ-दहा वर्षं या बाजूला फिरकलेच नाहीत. जंगल वाचवणाऱ्यांचा विषय निघाला की उठून जायचे. पुढं यानं गाईडची परीक्षा दिली आणि पहिल्या महिन्याचे पैसे घरी नेऊन दिले, ते त्यांनी मोजून घेतले. ‘‘एवढं तर मला चांगल्या महिन्यात सोनंसुद्धा द्यायचं नाही,’’ इतकंच बोलले. पटलं की नाही ते कधीच सांगितलं नाही. शेवटी शेवटी मात्र यालाच नद्यांची नावं, ओहोळांच्या जागा, कुठला दगड पाऊस झाल्यावर बुडतो, हे सगळं शिकवायचे. ‘‘आज मी जे तुम्हाला दाखवतोय, त्यातलं निम्मं एका सोनं चोरणाऱ्यानं मला शिकवलंय.’’

मग बाबांनी आपलं सांगितलं. त्यांच्या लहानपणी आमच्या किनाऱ्यावरची माणसं कासवांची अंडी उकरून आणत, बाजारात विकत. कुणाला त्यात काही गैर वाटत नसे. पोट होतं. पुढं 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं वेळासला गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. 2006 पासून कासव महोत्सव होऊ लागला. पाहुणे गावातल्याच घरांत उतरू लागले, उकडीचे मोदक आणि सोलकढी खाऊन जाऊ लागले. ‘‘अंडी शोधण्यात जी माणसं पटाईत होती, तीच राखणीला उपयोगी पडली,’’ बाबा म्हणाले. ‘‘कासवीण कुठं अंडी घालते ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?’’

हे भाषांतर करून झाल्यावर गाईड काही बोलला नाही. नुसता बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

कोस्टारिकेत हे फक्त ओसात घडलेलं नाही. 1980 च्या दशकात या देशातलं जंगल पाव हिश्श्यावर आलं होतं. गुरांसाठी कुरणं हवीत म्हणून सरसकट तोड चाललेली. 1996 च्या वन कायद्यानं जमिनीवर जंगल राखणाऱ्या मालकाला पैसे द्यायला सुरुवात केली, आणि त्यासाठी निधी येतो तो मुख्यतः इंधनावरच्या करातून. आज निम्म्याहून जास्त देश पुन्हा झाडाखाली आहे. नुसतं ‘तोडू नका’ म्हणून हे झालेलं नाही. न तोडणाऱ्याच्या घरात चूल पेटेल याची सोय आधी केली.

पावणेबाराला मुलीनं हट्ट धरला. नदी जंगलातून बाहेर पडते तिथं स्वच्छ, गुडघाभर पाण्याचा डोह होता. पाच मिनिटं बसते म्हणाली. समुद्रात उतरायला गाईडनं सकाळीच मनाई केली होती, इथं आत ओढणारे प्रवाह आहेत. नदीला मात्र सकाळी हो म्हटलं होतं. ती बूट काढत होती, तेवढ्यात त्यानं पाण्यात हात घातला, वरच्या बाजूला बघितलं आणि म्हणाला, ‘‘नको.’’ आमच्या डोक्यावर लख्ख ऊन होतं. मलाही कारण दिसेना. पाण्यावरून दोन-चार वाळकी पानं आणि काटक्या वाहत आल्या, एवढंच. बाबा त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. ‘‘डोंगरात पडलाय पाऊस,’’ ते म्हणाले. ‘‘आमच्या पऱ्ह्याला असंच येतं. आधी पानं, मग रंग, मग पाणी.’’

आम्ही काठापासून वर सरकलो. दहा-बारा मिनिटांत पाणी चहासारखं झालं. आणखी थोड्या वेळानं तो डोह दिसेनासाच झाला, त्यावरून आख्खा ओंडका फिरत गेला. मुलीनं आजोबांचा हात पकडला होता, तो लिओनाच्या चौकीपर्यंत सोडला नाही. टापिर, डोह, काही म्हणून तिनं पुन्हा काढलं नाही.

परतीचं चालणं खरं कष्टाचं होतं. भरती चढू लागली की कडक ओली वाळू पाण्याखाली जाते आणि उरते ती मऊ, पाय आत ओढणारी. ओहोटीला ज्या वाटेला पाऊण तास लागला, तिलाच येताना सव्वा तास लागला. शेवटच्या टप्प्यात लाटा झाडांच्या मुळांपर्यंत येत होत्या. बाराला निघालो नसतो तर एकाहत्तर वर्षांच्या माणसाला घेऊन अंधारात, झाडीतून यावं लागलं असतं. या वाटेवर पुढं एका खडकाळ टोकाला ‘साल्सीपुएदेस’ असं नाव आहे, म्हणजे ‘जमलं तर निघ’. ते उगाच पडलेलं नाही.

रात्री हॉटेलच्या जेवणात भात आणि काळ्या घेवड्याचं ‘गायो पिंतो’ होतं. बाबांनी त्यावर लिंबू पिळलं आणि फोडणीचा भात म्हणून दोनदा घेतलं.

जाणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. डिसेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ, पण डिसेंबरात डोंगरात पाऊस असतोच. परवाना आणि गाईड आधी ठरवा, तिथं पोचल्यावर मिळेलच असं नाही. प्रत्येकी किमान दोन-तीन लिटर पाणी, लांब पँट, भिजले तरी चालतील असे घट्ट बूट. आईवडिलांना न्यायचं असेल तर माद्रिगालपर्यंतचा पल्ला पुरे, जाऊन-येऊन दहा-बारा किलोमीटर होतात आणि बहुतेक सपाटी आहे. गाईड ‘परत’ म्हणाला की परत. त्याच्याशी वाद घालायला तुमच्याकडे कितीही मुद्दे असोत. आणि शक्य असेल तर घरातली तिन्ही पिढ्या एकत्र न्या. एकाला भरती कळते, एकाला भाषा कळते, आणि मधल्या पिढीनं सामान उचलावं.

बाबा मार्चमध्ये केळशीला परत गेले. परवा नातीनं त्यांना फोन केला होता. मी स्वयंपाकघरात होते. तिकडून काय बोलणं चाललं होतं ते ऐकू येत नव्हतं, पण इकडून ती म्हणत होती, ‘‘आजोबा, आज पंचमी ना? पाच त्रिक पंधरा, भागिले चार… पावणेचार. बरोबर?’’